‘हॅलो’चे कुलशील

खोटी गोष्ट सुशिक्षितांच्या घरी किती सुखाने नांदू शकते हे ज्यास पाहावयाचे असेल, त्याने ‘हॅलो’ ह्या इंग्रजी उद्गाराची जन्मकथा चार बुके शिकलेल्या एखाद्या कुटुंबात विचारून पाहावी. बहुधा त्यास असे उत्तर मिळेल की, टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल ह्याची मार्गारेट हॅलो नावाची एक प्रेयसी होती. यंत्र सिद्ध होताच त्याने पहिली हाक तिला मारली. आणि तेव्हापासून सारे जग त्या मुलीचे नाव घेऊन बोलण्यास आरंभ करते. ही कथा पदवीधर सांगतात, शिक्षक सांगतात, भाषणाच्या आरंभीच टाळी मिळवू पाहणारे वक्ते सांगतात. आणि हल्ली तर ती मोबाइलवरून सकाळच्या सुविचाराबरोबर दुधाच्या रतिबासारखी घरोघर येते. मुले ती वहीत उतरून घेतात. कथेच्या शेवटी बोधही जोडलेला असतो: जग बेलचे नाव विसरेल, परंतु त्याच्या प्रेयसीचे नाव कधी विसरणार नाही!

ह्या कथेत खरे तेवढे एकच, की बेल नावाचा मनुष्य होऊन गेला. बाकी सर्व बनावट आहे. मार्गारेट हॅलो ही बाई झालीच नाही. बेलच्या यंत्रावरून जे पहिले वाक्य गेले ते कोणा तरुणीस उद्देशून नसून त्याचा साहाय्यक टॉमस वॉटसन ह्यास उद्देशून होते. तारीख १० मार्च १८७६, स्थळ बॉस्टन, आणि वाक्याचा आशय एवढाच, की वॉटसनसाहेब, इकडे या, मला तुमची गाठ घ्यावयाची आहे. त्यात प्रेम नाही, काव्य नाही, आणि ‘हॅलो’ही नाही. नाव घेऊन हाक मारली की दुसऱ्या उद्गाराची गरजच उरत नाही, हे त्या पहिल्या वाक्यावरूनच दिसते.

आता बेलच्या प्रेमाविषयीच ज्यांस जिज्ञासा आहे त्यांस आम्ही विचारतो, की खरी हकीकत इतकी विलक्षण असता तुम्हांस खोटीची गरज का भासली? बेलची वाग्दत्त वधू व पुढे पत्नी झालेल्या बाईचे नाव मेबल हबर्ड. पाच वर्षांची असता तिला लोहितज्वर झाला व त्यात तिची श्रवणशक्ती कायमची गेली. ओठांच्या हालचालींवरून दुसऱ्याचे बोलणे ओळखण्याची कला तिने अशी हस्तगत केली होती की नवख्या माणसास ती बहिरी आहे हे चटकन कळत नसे. बेल हा धंद्याने बहिऱ्या मुलांचा शिक्षक. त्याच्या आईसही ऐकू येत नसे. आणि मेबल प्रथम त्याच्याकडे विद्यार्थिनी म्हणून आली. १८७६ च्या जून महिन्यात फिलाडेल्फिया येथे मोठे प्रदर्शन भरले होते. विद्यार्थ्यांच्या परीक्षा टाकून तेथे जाण्यास बेल राजी नव्हता. मेबलने त्यास गाडीपर्यंत नेले, आणि तो हुज्जत घालू लागताच तिने आपली मान दुसरीकडे फिरवली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. तिने पाहणे सोडले म्हणजे त्याचे बोलणेच संपले! तो निमूटपणे गाडीत बसला, फिलाडेल्फियास गेला, आणि तेथे ब्राझीलचा बादशहा दुसरा पेद्रो ह्याने ते यंत्र कानास लावून पाहिल्यावर बेलचे नाव सर्वतोमुखी झाले. ११ जुलै १८७७ रोजी दोघांचा विवाह झाला, व आपल्या नव्या कंपनीचे जे १,४९७ भाग बेलच्या वाट्यास आले होते त्यांपैकी दहा ठेवून बाकीचे १,४८७ त्याने पत्नीस विवाहाची भेट म्हणून दिले.

ज्या स्त्रीने आपल्या नवऱ्याचे यंत्र जगापुढे मांडण्यास त्यास भाग पाडले, तिला त्या यंत्रावरून त्याचा एक शब्दही कधी ऐकू येणे शक्य नव्हते. ह्या वस्तुस्थितीपुढे मार्गारेटची कथा किती पोरकट आहे! तीत एका बहिऱ्या व कर्तबगार स्त्रीस तिच्याच संसारातून बाहेर काढून तिच्या जागी एक कानांनी धडधाकट, कल्पित तरुणी आणून बसविली आहे. ‘एवढीशी गोड गोष्ट; तिने कोणाचे काय बिघडले?’ असे जे म्हणतात त्यांस आमचे उत्तर हे, की मेबलचे बिघडले. मेलेल्या माणसास प्रतिवाद करता येत नाही, म्हणून त्याच्या घरात कोणासही घुसविण्याची मुभा आपणांस मिळते असे आम्ही समजत नाही. आपल्या आजीच्या जागी कोणी शेजारच्या गल्लीतली बाई दाखवून लोकांत तशीच गोड गोष्ट पसरवली, तर हेच लोक ती किती गोड मानून घेतील?

असो. मग हा उद्गार टेलिफोनवर आणला कोणी? बेलने तर नाहीच. उलट त्याचा हट्ट ‘अहॉय’ ह्या शब्दाविषयी होता. ‘अहॉय’ ही खलाशांची हाक. एका गलबतावरून दुसऱ्या गलबतास मारावयाची. तिच्यातला ‘हॉय’ हा भाग त्याहून जुना असून गुरे हाकणारांच्या तोंडचा आहे. (‘अहॉय’ व आपला ‘अहो’ ह्यांतील साम्य पाहून ज्यांच्या हाताला कंप सुटला असेल त्यांनी लेखणी क्षणभर खाली ठेवावी, त्यांच्याकडे आम्ही पुढे येणारच आहो.) ‘हॅलो’चा पुरस्कार केला तो बेलचा प्रतिस्पर्धी टॉमस एडिसन ह्याने. १५ ऑगस्ट १८७७ रोजी, म्हणजे बेलच्या लग्नास महिना होतो न होतो तोच, एडिसनने पिट्सबर्ग येथील एका तारकंपनीच्या अध्यक्षास पत्र लिहिले. त्या काळी टेलिफोनची कल्पना अशी होती की दोन कचेऱ्यांमधील तार सदैव खुली राहावयाची. मग पलीकडच्या टोकाशी कोणी टेबलापासून दूर बसला असेल तर त्यास बोलवावे कसे? कोणी घंटा सुचविली. एडिसनने लिहिले की घंटेची आवश्यकता पडेल असे आपणांस वाटत नाही. ‘हॅलो’ असे म्हटल्यास ते दहा ते वीस फुटांवरून ऐकू येते.

कोठे ते प्रेमाचे नाटक आणि कोठे हा दहा-वीस फुटांचा रोकडा हिशोब! हे पत्र शंभर वर्षांहून अधिक काळ कागदांच्या ढिगाऱ्यात पडून होते. १९८७ साली ब्रुकलिन येथील अभिजात भाषांचे अध्यापक ॲलन कोनिग्सबर्ग ह्यांना ते एका टेलिफोन कंपनीच्या दप्तरखान्यात सापडले. त्यांनी त्यासाठी किती धूळ खाल्ली असेल ती खाल्ली असेल. मार्गारेटची कथा रचणारास मात्र खुर्चीवरून उठावेही लागले नाही. ज्ञान व गप्प ह्यांतील फरक पुष्कळ वेळा एवढाच असतो, की एकीत कोणास तरी उठावे लागलेले असते.

एडिसनच्या तोंडी हा शब्द टेलिफोनकरिता मुद्दाम घडवलेला होता असेही नव्हे. त्याच वर्षीच्या १८ जुलैस ध्वनी उमटवून ठेवण्याच्या प्रयोगात त्याने यंत्राच्या तोंडाशी जो शब्द ओरडून पाहिला तो ‘हॅलू’ असा होता. त्यास स्वतःस बालपणापासून कमी ऐकू येत असे. तेव्हा जोरकस, लांब पल्ल्याच्या उद्गाराची त्यास पारख असावी ह्यात नवल नाही. पुढे १८७८ साली न्यू हेवन येथे पहिले सार्वजनिक विनिमयकेंद्र निघाले, तेव्हा ग्राहकांस दिलेल्या सूचनांत बोलण्याचा आरंभ ‘हलोआ’ ह्या शब्दाने करावा असे छापले होते. त्याच साली १ सप्टेंबर रोजी बॉस्टन येथे एमा नट ही पहिली स्त्री विनिमयकेंद्रावर कामास लागली, आणि थोड्याच वर्षांत अशा मुलींस लोक ‘हॅलो गर्ल’ म्हणू लागले. मार्क ट्वेनच्या १८८९ सालच्या ‘अ कनेटिकट यँकी इन किंग आर्थर्स कोर्ट’ ह्या कादंबरीतील नायक जुन्या काळात जाऊन पडतो, झोपेत विनिमयकेंद्रावरील मुलीस हाक मारतो, व त्याची भोळी पत्नी ते एखाद्या प्रिय व्यक्तीचे नाव समजून आपल्या मुलीचे नाव ‘हॅलो-सेंट्रल’ असे ठेवते. म्हणजे ‘हॅलो’ हे कोणा मुलीचे नाव समजण्याची चूक मार्क ट्वेनने विनोद म्हणून रंगवली. आमच्याकडे तीच इतिहास म्हणून शिकवली जाते.

एडिसनने शब्द रूढ केला खरा, पण निर्माण केला नाही. ‘हेलो’ ह्या विशिष्ट वर्णरचनेने तो अमेरिकेतील छापील मजकुरात १८२० नंतरच्या दशकापासून आढळतो, आणि त्याची भावंडे तर त्याहून पुष्कळ वडील आहेत: हॅलो, हलो, हॉलो, हॉला, हॅलू. शिकारी आपल्या कुत्र्यांस चेतविण्याकरिता ‘हॅलू’ करीत. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकात डोंगरांना प्रियेचे नाव ओरडून ऐकविण्याच्या भाषणात हेच क्रियापद येते. कोलरिजच्या प्रसिद्ध काव्यातील, १७९८ सालच्या, म्हाताऱ्या खलाशाच्या ‘हॉलो’ ह्या सादेस तो अल्बट्रॉस पक्षी दररोज ओ देऊन येत असे. डिकन्सची ‘द सिग्नलमॅन’ ही १८६६ सालची गोष्ट तर ह्याच हाकेने उघडते. रेल्वेच्या खोल खिंडीच्या काठावरून एक मनुष्य खाली उभ्या असलेल्या निशाणवाल्यास ‘हॅलोआ’ म्हणून साद घालतो, आणि पुढची सर्व भीती त्या सादेतून उपजते. ह्या सर्व ठिकाणी अर्थ एकच आहे: ‘तू दूर आहेस, इकडे लक्ष दे.’ प्राचीन जर्मन भाषेत ‘आणणे’ ह्या अर्थाच्या धातूची आज्ञार्थी रूपे ‘हला’, ‘होला’ अशी होत, व नदीच्या पैलतीरावरील नावाड्यास बोलावताना ती वापरीत, असे कोशकार नोंदवतात. फ्रेंचांचा ‘होला’ म्हणजे ‘हो’ आणि ‘तिकडे’ ह्या दोन शब्दांचा जोड. नावाडी, शिकारी, गुराखी, निशाणवाला: हे ह्या शब्दाचे खरे गोत. टेलिफोनवर येईपर्यंत तो दिवाणखान्यात बसणाऱ्यांचा नव्हताच. म्हणून गेल्या शतकाआधीच्या शतकात प्रतिष्ठित घराण्यांतील लोक त्यास ग्राम्य समजत.

दुसरा एक अर्थ इंग्रजांकडे विशेष चालतो तो आश्चर्याचा; वाटेत काही अनपेक्षित दिसले की ते ‘हलो!’ म्हणून थबकतात. आणि हल्लीच्या पोरांच्या तोंडी तो उपरोधिकही झाला आहे. ‘डोके ठिकाणावर आहे ना?’ असे विचारावयाचे असता ते शेवटचा स्वर वर चढवून नुसते ‘हॅलो?’ म्हणतात.

आता दुसऱ्या एका पंथाकडे वळू. ह्या पंथाचे म्हणणे असे, की ‘हेलो’त ‘हेल’ आहे, ‘हेल’ म्हणजे नरक, सबब हा शब्द उच्चारणे पाप होय. आमच्याकडील काही पोक्त मंडळी हा शोध आपल्या संस्कृतीच्या वतीने सांगतात. त्यांस कदाचित ठाऊक नसेल की हीच तक्रार अमेरिकेतील कट्टर ख्रिस्ती लोकांचीही आहे. टेक्सास संस्थानातील क्लेबर्ग परगण्याच्या अधिकाऱ्यांनी तर जानेवारी १९९७ मध्ये ठराव करून ‘हेवन-ओ’, म्हणजे नरकाच्या जागी स्वर्ग घातलेला शब्द, आपले अधिकृत अभिवादन म्हणून जाहीर केला. दोन परस्परविरोधी संस्कृतींच्या रक्षकांचे अज्ञान असे अक्षरशः जुळावे ही मोठी मौजेची गोष्ट होय. ‘हेल’ हा नरकवाचक शब्द ‘झाकणे’, ‘लपविणे’ अशा अर्थाच्या धातूपासून आलेला असून त्याचा ह्या हाकेशी काडीचाही संबंध नाही. ह्याचा पुरावा कोशात शोधण्याचीही गरज नाही. तो शब्दाच्या भावंडांतच आहे. ‘हलो’, ‘हॉलो’ व ‘हॅलू’ ह्यांत नरक कोठे आहे? पहिल्या अवयवावर आघात नसल्यामुळे तेथील स्वर वाटेल तसा बदलत राहिला, आणि त्या अनेक रूपांपैकी एकात तो योगायोगाने ‘ए’ असा लिहिला गेला. अशा रीतीने नरक शोधू लागले तर ‘शंख’ म्हणताना ‘शं’ म्हणजे कल्याण व ‘ख’ म्हणजे आकाश असा अर्थ करून शंख फुंकणारांस कल्याणकारी वैमानिक ठरविता येईल.

तिसरा पक्ष अधिक गंभीर आहे, व त्याच्याशी अधिक गंभीरपणे बोलणे प्राप्त आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने आदेश काढून सरकारी व निमसरकारी नोकरांनी टेलिफोनवर ‘हॅलो’ऐवजी ‘वंदे मातरम्’ म्हणावे असे सुचविले. कारणे देताना, ‘हॅलो’ हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे, त्यास विशिष्ट असा अर्थ नाही, व त्यातून आपुलकी उत्पन्न होत नाही, असे सांगण्यात आले. अनुकरणाविषयी आम्ही वाद घालीत नाही. टेलिफोन ज्यांनी दिला त्यांची हाकही त्याच्याबरोबर आली. १८८२ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विनिमयकेंद्रे उघडली तेव्हा ती यंत्राच्याच पेटीतून उतरली म्हणाना. पुढे भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी टेलिफोनास ‘दूरध्वनी’ केले, व ते चांगलेच केले. परंतु त्या दूरध्वनीवरही बोलणारा ‘हॅलो’ म्हणतच राहिला. इतर राष्ट्रांनी आपापली सोय पाहिलीच आहे. इटालियन मनुष्य ‘प्रोंतो’, म्हणजे ‘तयार आहे’, असे म्हणतो. जपानी ‘मोशी मोशी’, म्हणजे ‘सांगतो, सांगतो’, असे म्हणतो. आपणही आपला शब्द घ्यावा अशी कोणाची इच्छा असेल तर ती निंद्य नाही.

आमचा आक्षेप दुसऱ्या कारणास, म्हणजे ‘अर्थ नाही’ ह्या विधानास, आहे. अर्थ नाही म्हणजे काय? ‘घट’ म्हटल्यावर जसे मातीचे भांडे डोळ्यांपुढे येते तसे ‘हॅलो’ म्हटल्यावर काही येत नाही, हाच जर दोष असेल तर ‘अरे’, ‘अगं’, ‘अहो’, ‘ए’, ‘ओ’ ह्या सर्वांस आजच मराठीतून हद्दपार करावे लागेल. ‘अहो’ ह्या शब्दाचा अर्थ कोणत्या वस्तूत दाखविता येतो? तरीही ह्या दोन अक्षरांवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचे संसार चालले. नवऱ्याचे नाव घेण्याची चोरी असता त्याच दोन अक्षरांत हाक, आर्जव, राग, काळजी आणि वाणसामानाची यादी, सर्व काही सामावत असे. संबोधनाचा अर्थ त्याच्या कामात असतो. आणि हे आम्ही इंग्रजांपासून शिकलो असेही नाही. दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत, म्हणजे तीन मात्रांचा, करावा, असा नियम पाणिनीने केला आहे. ज्या वैयाकरणाने अर्धी मात्रा वाचविण्यात धन्यता मानणारी परंपरा निर्माण केली, त्याने दूरच्या हाकेस तीन मात्रा मोजून द्याव्या, ह्याहून हाकेचा गौरव तो कोणता? बद्रिनाथापासून रामेश्वरापर्यंत कोणत्याही खेड्यात ओढ्याच्या पलीकडच्या माणसास हाक मारणारी बाई हा नियम न शिकता पाळते. आपल्या व्याकरणाने ज्या शब्दजातीचा इतक्या सूक्ष्मपणे विचार केला तिलाच संस्कृतीच्या नावाने निरर्थक म्हणणे हा आपल्याच संस्कृतीविषयीच्या अज्ञानाचा कळस नव्हे काय?

आणि ‘वंदे मातरम्’विषयी म्हणाल, तर त्या घोषाचा आम्हांस जो आदर आहे त्यामुळेच आम्हांस ही योजना रुचत नाही. १९३८ साली निजामाच्या राज्यात तो म्हणण्याच्या हट्टापायी हैदराबादेच्या व औरंगाबादेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणावर पाणी सोडले. ज्या शब्दांकरिता तरुणांनी एवढे पणास लावले ते शब्द थकलेल्या पाणीपट्टीच्या चौकशीच्या आरंभी, पलीकडचा मनुष्य टेबलाशी आहे की चहास गेला आहे हे पाहण्यासाठी, दिवसातून पन्नास वेळा उच्चारावयाचे, ह्यात त्या शब्दांचा मान वाढतो असे ज्यांस वाटत असेल त्यांनी आपल्या देवघरातील घंटा एकदा दारावर टांगून पाहावी. आपुलकीचे म्हणाल तर ती आवाजात असते; तुसड्या कारकुनाने ‘वंदे मातरम्’ म्हटले तरी अर्जदारास तो तुसडाच वाटावयाचा.

आता, कबूल केल्याप्रमाणे, स्वदेशी व्युत्पत्तिकारांकडे. ह्यांची रीत अशी, की परकी शब्द कानावर पडला की त्याच्यासारखा वाजणारा संस्कृत किंवा मराठी शब्द शोधावा, आणि तो सापडताच परक्यांनी तो आपल्या घरातून चोरून नेला असे जाहीर करावे. ‘व्हॅटिकन’ म्हणजे ‘वाटिका’ व ‘ख्रिश्चॅनिटी’ म्हणजे ‘कृष्णनीती’ असे श्री. पु. ना. ओक ह्यांनी पुस्तकांतून प्रतिपादिले, व ते मान डोलावून वाचणारे लोक आमच्या चांगल्या शिकलेल्या वर्गांतच निघाले. अशांच्या सोयीसाठी ‘हॅलो’च्या दोन व्युत्पत्ती आम्ही येथे फुकट देतो. पहिली: पतंजलीच्या महाभाष्यात एक कथा आहे. असुर ‘हे अरयः’ असे म्हणावयाच्या ऐवजी ‘हेलयः’ असे अशुद्ध बोलले व त्यामुळे पराभव पावले. तेव्हा ‘हेलयः’ म्हणजेच ‘हॅलो’. असुर म्हणजे इंग्रज. आणि शत्रूस उद्देशून म्हटलेला शब्द आपण मित्रास म्हणतो ही केवढी विटंबना! दुसरी: आमच्या खेडेगावांत शेताच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकास घातलेल्या सादेस ‘हाळी’ म्हणतात. ‘हाळी’ म्हणजे ‘हॅलो’ हे एखाद्या आंधळ्यासही दिसेल. अर्थही तोच, ध्वनीही तोच. सबब एडिसनने हा शब्द मराठी शेतकऱ्याकडून घेतला.

ह्या दोन्ही व्युत्पत्ती मार्गारेटच्या कथेपेक्षा सुबक आहेत असे आम्ही नम्रपणे म्हणतो. आणि दोन्ही तितक्याच खोट्या आहेत. शब्द एका देशातून दुसऱ्या देशात उडत जात नाही. तो कोणाच्या तरी तोंडून, कोणत्या तरी वर्षी, कोणत्या तरी वाटेने जातो. ती वाट दाखविल्यावाचून केवळ साम्य दाखविणे म्हणजे दोन माणसांच्या नाकांवरून त्यांस भाऊ ठरविणे होय. हाका तर जगभर एकमेकींसारख्याच असावयाच्या. कारण दूर पोहोचण्यासाठी तोंड मोठे उघडावे लागते, व मनुष्याचे तोंड सर्व देशांत सारखेच उघडते. हंगेरी देशातील लोकांचीही अशीच एक लाडकी कथा आहे. त्यांच्या भाषेत ‘हल्लोम’ म्हणजे ‘मला ऐकू येते’. एडिसनपाशी काही काळ काम केलेला तिवदर पुश्काश हा त्यांच्याच देशाचा. तारेवरून आवाज येताच त्याच्या तोंडून तो शब्द निघाला व जगाने तोच उचलला, असे ते म्हणतात. पुश्काश हा खरोखर मोठा मनुष्य. १८९३ साली बुडापेस्टमध्ये टेलिफोनवरून बातम्या व संगीत ऐकविण्याची व्यवस्था त्याने सुरू केली. पण इंग्रजी बोलणारे लोक टेलिफोनच्या आधी पन्नास वर्षे हा शब्द लिहीत होते, तेव्हा ही कथाही बाद होते. प्रत्येक राष्ट्रास वाटते की जगाने पहिली हाक आपल्या भाषेत मारली.

कोणी यास्काचा दाखला देतील: शब्दाची व्युत्पत्ती सांगता येत नाही असे कधीच म्हणू नये, असे निरुक्तकारांचे मत आहे. खरे आहे. पण यास्क वेदमंत्रांच्या अर्थापुढे उभा होता, आणि एकेका शब्दास दोन-दोन, तीन-तीन पर्याय देऊन, पूर्वाचार्यांची नावे सांगून, तो आपले म्हणणे मांडत होता. त्याच्या नावावर सुविचार खपविणारांनी निदान त्याच्याइतका घाम गाळावा. कृ. पां. कुलकर्णी ह्यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्याची दोन पाने ज्याने चाळली असतील त्यास कळेल, की एका साध्या घरगुती शब्दाचे मूळ शोधण्यासाठी संस्कृत, प्राकृत व शेजारच्या भाषा अशा किती घरांचे उंबरे झिजवावे लागतात. ज्या समाजात असा कोश होऊन गेला तेथे आईबापांनी मुलास ‘हॅलो म्हणजे बेलची प्रेयसी’ असे सांगावे, आणि शाळेने त्यास त्याबद्दल शाबासकी द्यावी, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. मुलाच्या हाती ह्यात एक खोटी माहिती पडते एवढेच नव्हे. ऐकायला गोड लागले की ते खरे मानावे, विचारपूस करू नये, ही सवय पडते. आज मार्गारेट येते, उद्या त्याच दाराने एखाद्या जातीविषयी, एखाद्या शेजाऱ्याविषयी, एखाद्या औषधाविषयी तितकीच सुबक गोष्ट येईल, आणि तेव्हा दार लावण्याची कला घरात कोणासच येत नसेल.

राहता राहिला प्रश्न, मग टेलिफोनवर म्हणावे तरी काय? आमचे कोणासच बंधन नाही. ‘नमस्कार’ म्हणावे, ‘राम राम’ म्हणावे, आपले नाव सांगावे. जर्मन लोक नावच सांगतात, व त्यात वेळ वाचतो. ज्यांस ‘वंदे मातरम्’ म्हणावयाचे असेल त्यांनी तेही श्रद्धेने म्हणावे. फक्त एकदा लक्ष देऊन पाहावे. बोलता बोलता मध्येच आवाज तुटतो, पलीकडून काही येत नाही, माणूस आहे की गेला हे कळेनासे होते. त्या क्षणी ‘नमस्कार’ म्हणणारे, ‘राम राम’ म्हणणारे आणि आदेश काढणारे, सर्वच यंत्र कानाशी घट्ट दाबून एकच शब्द दोनदा म्हणतात, आणि तो कोणता, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.